नाव, छाप आणि पक्का रंग

महाराष्ट्रात देवगावं पुष्कळ आहेत. कन्नड तालुक्यातलं देवगाव त्यांतून वेगळं निघतं ते मागे जोडलेल्या ‘रंगारी’मुळे. कापड रंगवणाऱ्यांचा धंदा गावाच्या नावात बसला, आणि पिढ्यान्‌पिढ्या सातबाऱ्यावर, एसटीच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर तसाच उमटत राहिला. एखाद्या नव्या कपड्यांच्या लेबलला दोन गोष्टी खपून मिळवाव्या लागतात. गर्दीतून वेगळं ओळखू यायला हवं, आणि आपण कशासाठी ओळखले जातो हेही लोकांना ठाऊक हवं. या गावाला त्या दोन्ही नावातच मिळाल्या आहेत.

या पट्ट्यात कापूस होतो. तो जिनिंगला जातो, गाठी बांधल्या जातात, गाठी बाहेर जातात आणि कपडा होऊन परत येतो तेव्हा त्याच्या कॉलरमागे दुसऱ्याच कुणाचं तरी नाव शिवलेलं असतं. केंद्र सरकारने 7 ऑक्टोबर 2020 रोजी, जागतिक कापूस दिनी, भारतीय कापसाला ‘कस्तुरी’ असं नाव दिलं ते याच दुखण्यावर. आपला माल निनावी जातो आणि नावाची किंमत दुसरा घेतो. म्हणून देवगाव रंगारीत उद्या कुणा तरुणाने किंवा बचत गटातल्या बायांनी चार शिलाई मशीन टाकून स्वतःच्या नावाचे कुर्ते, ओढण्या, साड्या विकायचं ठरवलं, तर मला त्याचं मनापासून अप्रूप वाटेल. फक्त अशा वेळी सुरुवात बहुतेक करून नाव आणि लोगोपासून होते. माझ्या मते सुरुवात कापडापासून व्हायला हवी. का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आठवडी बाजारात माल देणाऱ्या रंगाऱ्याला छापेची गरज नव्हती. पागोट्याचा रंग पहिल्याच पावसात अंगरख्यावर उतरला, तर गिऱ्हाईक पुढच्या बाजारी ते पागोटं त्याच्यासमोर आणून टाकत असे. हमी म्हणजे तो माणूस आणि त्याचं हंड्यापाशी असलेलं घर. कच्चा रंग कुठला आणि पक्का कुठला हे विकणाऱ्यालाही ठाऊक, घेणाऱ्यालाही. करडईच्या फुलांचा कुसुंबा दिसायला देखणा, पण उन्हाने विटायचा आणि पाण्याने जायचा. हळदीचंही तेच. आल नावाच्या झाडाच्या मुळांचा लाल आणि निळीचा निळा मात्र कापड फाटेपर्यंत टिकायचा. सुती कापड रंग सहजासहजी धरत नाही, म्हणून आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, मग तुरटीत, आणि मगच लाल रंगाच्या हंड्यात. हिरड्यातला तुरट अंश सुताला चिकटतो, तुरटी त्याला चिकटते आणि रंग तुरटीला. ही साखळी नीट जुळली की रंग पक्का. यात चालढकल करणाऱ्याचं नाव पंचक्रोशीत आपोआप व्हायचं, आणि ते चांगलं नसायचं.

एकोणिसाव्या शतकात ही समोरासमोरची ओळख तुटली. मँचेस्टरचं आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांचं कापड बाजारात आलं. ते कुणी विणलं, कुणी रंगवलं, हे गिऱ्हाइकाला कधीच दिसणार नव्हतं. मग माणसाच्या जागी चित्र आलं. कापडाच्या घडीवर रंगीत छापील लेबल चिकटवायची पद्धत पडली. कुणाचा हत्ती, कुणाचा मोर, कुणाची लक्ष्मी, कुणाचा महाराजा. वाचता न येणारं गिऱ्हाईकही दुकानात जाऊन ‘हत्ती छाप द्या’ म्हणू शकत होतं. अमेरिकेतही वेगळं घडलं नाही. लेव्ही स्ट्रॉस कंपनीने 1886 साली जीनपँटच्या कमरपट्ट्यावर चामड्याचा तुकडा लावला. त्यावर दोन घोडे दोन बाजूंनी एक पँट ओढत आहेत आणि ती फाटत नाही, असं चित्र होतं. इंग्रजी न येणारे कष्टकरी ‘दोन घोड्यांची पँट’ मागत, आणि 1928 पर्यंत कंपनीने तेच आपलं व्यापारी नाव ठेवलं होतं. चित्र सुंदर आहे म्हणून ते चाललेलं नाही. पँट खरोखरच फाटत नव्हती, आणि चित्राने तेवढंच सांगितलं होतं.

त्याच काळात रंगाऱ्याच्या हंड्याखालचा जाळ विझायला लागला. 1856 साली विल्यम पर्किनला प्रयोगशाळेत जांभळा रंग सापडला. 1868 साली जर्मनीत मंजिष्ठाच्या कुळातल्या झाडाचा लाल रंग कृत्रिमरीत्या तयार झाला. 1897 साली कारखान्यात केलेली नीळ बाजारात आली. आल, मंजिष्ठ, नीळ यांची शेती आणि त्यावरची कारागिरी काही दशकांत बसली. गावोगावच्या रंगाऱ्यांनी शिवणकाम, दुकानदारी, शेती धरली.

आणि नेमक्या याच वर्षांत, 1879 साली, मुंबईत नौरोजी वाडियांनी एक छोटा कारखाना काढला. हिंदुस्थानातच कातलेलं सूत तिथे हाताने तीन रंगांत बुडवायचे, तुर्की लाल, हिरवा आणि नारिंगी, आणि उन्हात वाळत घालायचे. काम रंगाऱ्याचंच होतं, फक्त एका छताखाली आणलेलं. कंपनीचं नाव ठेवलं बॉम्बे डाइंग. मुंबईत कापड रंगवतात, एवढंच ते नाव सांगतं. त्यात कल्पकता शोधूनही सापडणार नाही. तरी शंभर वर्षांनी मराठी घरांत चादरीला आणि टॉवेलला ‘बॉम्बे डाइंगचं आहे’ असं अभिमानाने सांगितलं जात होतं. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि वरळीची जमीन विकण्याचा सुमारे 5,200 कोटी रुपयांचा व्यवहार कंपनीने 2023 साली जाहीर केला. नाव मात्र आजही चादरीच्या पाकिटावर आहे.

आता देवगाव रंगारी आणि बॉम्बे डाइंग ही दोन नावं शेजारी ठेवून बघा. दोन्हींत आधी गाव, मग रंगाचा धंदा. घडण अगदी एक. म्हणून नव्या लेबलला ‘देवगाव रंगारी’ हेच नाव द्यावं असा मोह होईल, आणि तो चुकीचा नाही. पण कायदा इथे अडवतो, आणि का अडवतो हे समजून घेण्यासारखं आहे. व्यापारचिन्ह कायदा 1999 चा, 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झालेला. त्याचं नववं कलम सांगतं की जे चिन्ह निव्वळ मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान सांगतं, ते एकट्याला नोंदवून मिळणार नाही. गावाचं नाव गावातल्या सगळ्यांचं आणि धंद्याचं नाव धंद्यातल्या सगळ्यांचं. उद्या शेजारच्या गल्लीत दुसऱ्या कुणी कापड रंगवायला घेतलं, तर त्याला ‘मी देवगाव रंगारीचा’ असं म्हणण्यापासून कोण आणि का रोखणार?

त्याच कलमाला एक पुस्ती जोडलेली आहे. असं नाव अर्जाच्या आधीपासून इतकं वापरात असेल, की लोकांच्या मनात ते एकाच व्यापाऱ्याच्या मालाशी जोडलं गेलं आहे, तर नोंदणी नाकारता येत नाही. बॉम्बे डाइंगचा जोर या वापरात आहे. मुंबईत रंगकाम करणारे शेकडो असले, तरी ते नाव ऐकल्यावर डोळ्यांसमोर एकच माल येतो. म्हणजे असं नाव नोंदणीच्या कागदाने आपलं होत नाही, ते मालाने आपलं करून घ्यावं लागतं. नवख्याला तेवढा धीर नसतो, पैसाही नसतो. त्याने एक स्वतंत्र, धंद्याशी थेट संबंध नसलेलं नाव घ्यावं आणि खाली बारीक अक्षरांत ‘देवगाव रंगारी, कन्नड’ असा पत्ता लिहावा. नाव आपल्या मालकीचं राहतं आणि गावाचा मानही राहतो.

नाव निवडताना ते तोंडाने मागता यायला हवं. आपल्याकडे कपडा अजूनही मोठ्या प्रमाणात ऐकून घेतला जातो. एक बाई दुसरीला सांगते, ती दुकानात जाऊन तिसऱ्याला सांगते. सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली ‘अमृतधारा’ या औषधाच्या खटल्यात हाच विचार केला. ‘लक्ष्मणधारा’ हे नाव त्याच्याशी फसवं साम्य राखतं का, असा प्रश्न होता. दोन नावं समोरासमोर ठेवली तर कुणीही फरक सांगेल, पण खरेदीला आलेल्या साध्या माणसाकडे दुसरी बाटली तुलनेला नसते, असते ती अर्धवट आठवण. खेड्यातलं किंवा शहरातलं सामान्य गिऱ्हाईक तेवढ्यावर फसू शकतं, असं न्यायालयाने म्हटलं. नव्या लेबलने ही कसोटी स्वतःवर लावून पाहावी. नाव एकदा फोनवरून सांगा, दोन दिवसांनी त्याच माणसाला विचारा. त्याला जे आठवेल तेच तुमचं खरं नाव. आणि ते देवनागरीत लिहिलेलं शोभायला हवं. रोमन अक्षरांत आखलेल्या लोगोवर नंतर कशीबशी शिरोरेघ चढवलेली नावं बाजारात खूप दिसतात. मराठी मुलखात विकणाऱ्याने अक्षर आधी देवनागरीत घडवावं, असं मला वाटतं.

आता चित्राचं आणि नावाचं सोडून कापडाकडे येऊ, कारण खरी ओळख तिथे आहे. देवगाव रंगारीच्याच जिल्ह्यातल्या पैठणची पैठणी पाहा. तिच्यावर लोगो नसतो, तरी लग्नाच्या मांडवात दहा हातांवरून ती ओळखू येते. नारळी काठ, पदरावरचे मोर आणि मुनिया, आसावलीची वेल. जवळ जाऊन पदर उलटा केला तर मागची बाजूही जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. कारण प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या छोट्या कांडीने, नक्षीच्या जागेपुरताच, हाताने गुंतवून परत वळवलेला असतो. नक्कल करणाऱ्याला मोर छापता येतो, मागची बाजू साधत नाही. म्हणून जाणती बाई दुकानात आधी पदर उलटा करून बघते. मालाची ओळख मालाच्याच अंगात विणलेली असण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

नवं लेबल पैठणी विणणार नाही, त्याला तशी गरजही नाही. पण ‘आमचा कपडा लेबल कापून टाकल्यावरही ओळखू येईल का?’ हा प्रश्न त्याने पहिल्याच महिन्यात स्वतःला विचारावा. उत्तर लहानशा गोष्टीत असू शकतं. कुर्त्याच्या आतल्या बाजूच्या शिवणीला नेहमी एकाच रंगाची पट्टी, ओढणीच्या एका कोपऱ्यात ठरलेला टाका, सगळ्या बाह्यांच्या टोकाला एकच काज. लेव्हीजच्या मागच्या खिशावरची दुहेरी कमानीची शिलाई अशीच साधी आहे. खिशाच्या कडेची छोटी लाल पट्टी 1936 साली आली, लांबून चालणाऱ्या माणसाची पँट कुणाची हे कळावं म्हणून. एक खूण निवडायची आणि ती वर्षानुवर्षं बदलायची नाही. दर दिवाळीला नवा लोगो काढणाऱ्यांना हे जमत नाही.

पैठणीचा विषय निघालाच आहे, तर सामायिक खुणांबद्दल सांगायला हवं. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. पैठण आणि येवल्याकडचे नोंदणीकृत विणकर ते नाव मिळून वापरतात, आणि भौगोलिक निर्देशांकाच्या कायद्यानुसार असं नाव कुणा एकाला व्यापारचिन्ह म्हणून घेता येत नाही. यंत्रावर विणलेल्या साडीला ‘पैठणी’ म्हणून खपवणं तर विणकराच्या ताटातला घास काढणं आहे. ‘खादी’ या शब्दाचंही तसंच. 2013 च्या खादी मार्क नियमांप्रमाणे खादी चिन्हाच्या खुणेशिवाय कुठलंही कापड खादी म्हणून विकता येत नाही. खादी आयोगाने फॅबइंडियासारख्या मोठ्या कंपनीवर 2018 साली मुंबई उच्च न्यायालयात 525 कोटी रुपयांचा दावा लावला तो याच शब्दावरून. हातमागाच्या कापडासाठी हँडलूम मार्क आहे, शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्क. माल त्या कसोटीला उतरत असेल तर या खुणा जरूर घ्याव्यात, कारण नव्या नावावर अजून कुणाचा विश्वास नसतो तेव्हा त्या आधार देतात. उतरत नसेल तर ‘हातमागासारखं’, ‘खादी लुक’ असे आडवळणाचे शब्दही टॅगवर नकोत.

मग देवगाव रंगारीतल्या लेबलने आपलं म्हणून काय धरावं? माझं उत्तर ठाम आहे: पक्का रंग. गावाच्या नावातच लोक तो शोधणार. बाजारात सुती कपड्याबद्दल सगळ्यात मोठी तक्रारही रंगाचीच असते. पांढऱ्या शर्टासोबत भिजवला आणि शर्ट गुलाबी झाला, असं प्रत्येक घरात एकदा तरी घडलेलं आहे. ही हमी मोजता येते. धुण्यातला पक्केपणा 1 ते 5 या मापाने मोजतात, 5 म्हणजे रंग अजिबात न उतरणं. उन्हातला पक्केपणा 1 ते 8 या मापाने, निळ्या लोकरीच्या ठरलेल्या नमुन्यांशी ताडून. कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळा या चाचण्या ठरावीक शुल्क घेऊन करून देतात. प्रत्येक लॉटला ते परवडलं नाही, तरी पहिल्या कापडाची चाचणी करून आकडा हाती ठेवावा आणि नंतरच्या प्रत्येक लॉटचा एक तुकडा पांढऱ्या ओल्या रुमालावर घासून बघावा. काही अ‍ॅझो रंगांपासून कर्करोगाला कारण होणारे घटक सुटतात. त्यांच्यावर भारतात 1997 पासून बंदी आहे, म्हणून रंग घेताना पुरवठादाराकडून तसं लिहून घ्यावं.

नैसर्गिक रंग वापरायचे असतील तर आणखी एक निर्णय आधीच घ्यावा लागतो. झाडाचा रंग दर हंगामाला थोडा बदलतो. पाणी, झाडाचं वय, ऊन, सगळं त्यात उतरतं. अमेरिकेतल्या पँटोन कंपनीने 1963 साली रंगांना क्रमांक देऊन जगभर तीच छटा मागता येईल अशी सोय केली, आणि तयार कपड्यांच्या मोठ्या उद्योगाला अशी एकसारखी छटाच लागते. छोट्या लेबलने ती शर्यत धावू नये. ‘ही ओढणी आलीच्या मुळांनी, या महिन्यात रंगवली आहे, पुढची थोडी वेगळी असेल’ असं टॅगवर सरळ लिहिलं तर तोच वेगळेपणा गिऱ्हाइकाला हवासा वाटतो. न सांगता छटा बदलली की मात्र ती फसवणूक वाटते. हळदीचा पिवळा उन्हात विटणार असेल तर तेही लिहावं. कच्च्या रंगाला कच्चा म्हणणाऱ्या टॅगवर पक्क्या रंगाबद्दलही विश्वास बसतो.

मापाबद्दल थोडक्यात. परदेशी मापांवरून काढलेले एम, एल, एक्सएल आपल्या अंगाला नीट बसत नाहीत, म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने देशभरातल्या 25,000 लोकांची मापं घेण्याचा ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला. गावातल्या लेबलला त्याची वाट बघायची गरज नाही. गावातला शिंपी ज्या बायांचे ब्लाउज आणि ज्या पुरुषांचे पायजमे वर्षानुवर्षं शिवतो, त्यांची मापं त्याच्या वहीत आहेत. त्यावर बेतलेला कुर्ता खांद्यात बरोबर बसला, की तो माणूस दुसरा घ्यायला परत येतो.

किंमत ठरवताना कराची रेघ लक्षात ठेवावी. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्याचा एक नग 2,500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के आहे, त्यावर गेला की 18. म्हणजे 2,500 चा कुर्ता करासह 2,625 ला पडतो आणि 2,600 चा 3,068 ला. शंभर रुपये जास्त मागून गिऱ्हाइकाच्या खिशातून साडेचारशेच्या आसपास जास्त जातात. पाकीटबंद मालावर निर्मात्याचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. अनेक जण हा मजकूर मागच्या बाजूला बारीक टाईपात कोंबतात. मी म्हणेन, पत्ता मोठा छापा. हंड्याशेजारच्या घरी जाऊन पागोटं टाकण्याची जी सोय जुन्या गिऱ्हाइकाला होती, ती आजच्या गिऱ्हाइकाला या पत्त्याने आणि फोन नंबरने मिळते. आणि तो फोन उचलला गेला पाहिजे.

हे सगळं बसलं की मग नोंदणी. तयार कपड्यांसाठी वर्ग 25, कापड आणि चादरींसाठी वर्ग 24. व्यक्तीने किंवा लघुउद्योगाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाचं शुल्क 4,500 रुपये आहे, इतरांना 9,000. तत्पूर्वी तेच किंवा तसंच नाव कुणी घेतलेलं आहे का हे नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं, आणि तो शोध नाव छापायच्या आधी घ्यावा, नंतर नव्हे. अर्ज छाननीतून पुढे गेला की जर्नलमध्ये छापला जातो, चार महिने कुणालाही हरकत घेता येते, आणि नोंदणी झाली की ती दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण. नोंदणी हाती येईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लिहावं. वर्तुळातला ‘आर’ नोंदणीशिवाय वापरायला कायद्याने मनाई आहे.

आणि ज्यांना ‘देवगाव रंगारी’ हेच नाव एक दिवस आपल्या कपड्यावर नोंदवून घ्यायचं आहे, त्यांनी पहिल्या विक्रीपासून एक फाईल ठेवावी. तारखेसह बिलं, प्रत्येक हंगामाचा टॅग, जाहिरातीचा कागद, प्रदर्शनातल्या गाळ्याची पावती, गिऱ्हाइकांनी नाव घेऊन पाठवलेल्या ऑर्डरी. नवव्या कलमातल्या त्या पुस्तीखाली अधिकारी हेच पुरावे मागतो.